विषयाचा रकाना

गुरुवारी दुपारी सव्वादोनला नागम्मा आली, पण बसली नाही. दारातच उभी राहून तिने विचारले, "म्याडम, तुमी मॅनेजरसायबाला काय बोलला का?"

पूनमने वही मिटली. "कशाबद्दल?"

"माझ्या नवऱ्याबद्दल."

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात पूनमला समुपदेशनासाठी बसायला जी खोली मिळाली होती, तिथे पूर्वी सुताचे कोन ठेवत. आता दोन खुर्च्या आणि एक लोखंडी कपाट होते. भिंतीपलीकडे माग चालत. आतले बोलणे बाहेर ऐकू जात नाही, हे पूनमने पहिल्याच दिवशी तपासले होते. खुर्चीवर मोबाईलवर गाणे लावून ठेवले, दार ओढले आणि बाहेर उभी राहिली. मागांच्या आवाजाशिवाय काही ऐकू आले नव्हते.

"मी कुणाशीच बोलले नाही," ती म्हणाली. "काय झालं?"

नागम्मा सुताच्या कांड्या भरण्याच्या मशिनवर काम करायची. सकाळी मॅनेजर सयाजी तिला बाजूला घेऊन म्हणाला होता, नवऱ्याला घेऊन ये, माझ्या ओळखीचं व्यसनमुक्ती केंद्र आहे, मारहाण सहन करत बसू नकोस.

दोन आठवड्यांपूर्वी, तिसऱ्या भेटीत, नागम्माने पूनमला सांगितले होते की नवरा रोज पितो आणि हात उचलतो. हे तिने याच खोलीत सांगितले होते आणि दार बंद होते.

"मी हितं सोडून कुटंच बोलले न्हाय," नागम्मा म्हणाली. "मंग त्येला कसं कळलं?"

ती रडत नव्हती. चिडलेलीही नव्हती. टॉवेलची कड उजेडाकडे धरून सुटलेला धागा शोधावा तशी ती पूनमच्या चेहऱ्याकडे बघत होती.  नागम्मा वळून गेली.

त्या दिवशी आणखी तीन बायका यायच्या होत्या. तीनला बसव्वा यायची होती, आली नाही. पावणेचारची आणि साडेचारचीही आली नाही. खिडकीतून घड्या घालायचे लांब टेबल दिसत होते. तिघीही तिथेच होत्या. एकीनेही मान वर केली नाही.

पूनम मंगळवेढा तालुक्यातली. बारावीनंतर तिने सोलापूरच्या एका महाविद्यालयात पाच वर्षांच्या एकत्रित अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला होता. प्रवेश एकदाच, आधी मानसशास्त्राची पदवी आणि त्याच ओघात समुपदेशनाची पदव्युत्तर पदवी. तीन वर्षांनी बी.ए. घेऊन बाहेर पडायची मुभा होती. चोवीस जणांतले पंधरा तसे पडले. पूनम राहिली. तिच्या वडिलांना, मल्हारना, ते पटले नव्हते. पन्नास मेंढरे आणि चार एकर कोरडवाहू एवढा त्यांचा संसार.

"तीन वर्सांत पदवी देत्यात न्हवं?" त्यांनी विचारले होते. "मग फुडची दोन वर्सं काय शिकवत्यात?"

"ऐकायला शिकवतात, आप्पा. लोकांचं."

"ऐकायला? मी बी दिवसभर मेंढरांचं ऐकतुयच की."

मग तिने त्यांना समजावले होते, की नुसत्या बी.ए.वर समुपदेशक म्हणून कुणी उभे करत नाही, एम.ए. लागते आणि चौथ्या वर्षी माणसांसमोर बसून दीडशे तास पुरे करावे लागतात. ते तास पुरे झाले तरच पाचवे वर्ष. नाही झाले तर बी.ए.चा कागद घेऊन घरी. हा अभ्यासक्रम पुन्हा त्याच वर्गात बसू देत नाही. मल्हार म्हणाले होते, "मग बस. पर नीट बस."

नागम्मा दारातून गेली त्या गुरुवारी पूनमचे बासष्ट तास झाले होते.

निघण्यापूर्वी तिने एक गोष्ट केली. भेटींच्या नोंदींची फाईल कपाटात ठेवताना जमिनीवरचा सुताचा एक धागा उचलला आणि फाईलच्या दोन पुठ्ठ्यांमध्ये असा अडकवला, की कुणी उघडली तर तो निसटावा. मग कुलूप लावले. किल्ली तिच्याकडे एकच होती. पण कपाट कारखान्याचे होते, आणि कारखान्याच्या कपाटाला दुसरी किल्ली नसेल असे मानायला काही कारण नव्हते.

बसमध्ये तिने वहीच्या मागच्या पानावर लिहून काढले. कोणाला काय माहीत होते? नोंदींत खरी नावे नसत. अकरा बायकांना 'क-एक' ते 'क-अकरा' असे क्रमांक होते, नागम्मा 'क-तीन'. कोणता क्रमांक कोणाचा, ती यादी पूनमच्या ट्रंकेत, खोलीवर. कपाटाची दुसरी किल्ली असली, तर ती सयाजीकडे. नोंदी वाचणारी व्यक्ती एकच, मार्गदर्शक वैजयंती मॅडम. त्या मागच्या आठवड्यात कारखान्यात येऊन गेल्या होत्या आणि सयाजीच्या केबिनमध्ये वीस मिनिटे चहा घेत बसल्या होत्या. खोलीवर तिच्याबरोबर राहणारी संस्कृती. ती त्याच वर्गातली, तिचे तास एका रुग्णालयात चालू होते. ट्रंकेला कुलूप नव्हते.

तीन नावे झाली. चौथे तिने लिहिले नाही, पण ते तिचे स्वतःचे होते. आपण कुठे काही बोललो का? मेसवर? फोनवर आईशी? तिला आठवले नाही, आणि न आठवणे हा काही पुरावा नव्हता.

शुक्रवारी सकाळी ती वैजयंती मॅडमकडे गेली. मॅडमनी सगळे ऐकले आणि फाईलच्या झेरॉक्स प्रती टेबलावर ओढल्या. त्यांना हे नवे नसावे असे पूनमला वाटले. नंतर वाटले, आपण आता सगळ्यांनाच असे बघायला लागलो आहोत.

"तू येणार होतीसच," मॅडम म्हणाल्या. "मीच बोलावणार होते. वेगळ्या कारणासाठी."

त्यांनी पेन्सिलीने खुणा केलेली पाने पुढे केली.

"क-तीन. लग्नाला नऊ वर्षं, थोरला मुलगा पंधराचा. क-सात म्हणते सासू छळते, आणि दोन पानं आधी सांगितलंय की सासू लग्नाआधीच वारली. क-पाच. आधी धाकटी बहीण, मग म्हणते आपणच सगळ्यांत धाकट्या. अकरापैकी आठ जणींच्या गोष्टीत सांधे बसत नाहीत. पूनम, एकतर या बायका खोटं बोलतात, किंवा तू."

"मी कशाला खोटं लिहीन?"

"तास भरायला. लिहितात मुलं. दर वर्षी एखादा सापडतो."

"मी त्यांनी सांगितलं तेच लिहिलं."

"तर मग तुला हे सांधे दिसले कसे नाहीत?"

 तिला वाटले होते, दुखावलेले माणूस सरळ रेषेत बोलत नाही. तसेच शिकवलेही होते.

"आणि आता वर ही गळती," मॅडम म्हणाल्या. "मंगळवारी समिती बसेल. विभागप्रमुख इंद्रजीत सर, मी आणि एक बाहेरच्या सदस्य. लेखी निवेदन आण. नोंदी बनावट ठरल्या तर तास रद्द आणि तूही बाहेर. गोपनीयता मोडली हे ठरलं, तर कमीत कमी तास रद्द. फरक कळतोय ना?"

"हो."

"मॅनेजरशी तू एकटी कधी बोलतेस?"

"शनिवारी. सही घेताना. तुम्ही?"

ते तोंडातून निघून गेले. वैजयंती मॅडमनी चष्मा काढला.

"मी चहा घेतला," त्या म्हणाल्या. "साखर जास्त होती. तेवढंच झालं."

संध्याकाळी खोलीवर संस्कृती कॉटवर पाय पसरून टिपणे काढत बसली होती. पूनमने ट्रंक उघडली, यादी जागेवर आहे का पाहिले, कोपऱ्याची घडी तशीच आहे का पाहिले.

"तिसऱ्यांदा बघतेयस," संस्कृती मान वर न करता म्हणाली. "विचार की सरळ."

"काय विचारू?"

"मी वाचली का म्हणून. घे की संशय. पण रांगेत घे. माझ्या आधी तुझ्या मॅडम उभ्या आहेत, त्यांच्या आधी तो मॅनेजर."

"तू त्या यादीला हात लावलास का?"

"नाही. आणि मी नाही म्हटलं म्हणून तुझं समाधान होणार नाही, हेही मला माहितेय. चार वर्षं हेच शिकतोय की आपण." तिने पान उलटले. "जेवायला ये. मेसवाली मावशी आज शेंगाभाजी लपवून ठेवणार नाही आपल्यासाठी."

पूनम गेली नाही. संस्कृती परत येताना डबा घेऊन आली. तेव्हाही पूनमच्या मनात आधी हेच आले, की ही आज इतकी चांगली का वागते आहे.

शनिवारी ती कारखान्यात पोचली आणि आधी कपाट उघडले. धागा जागेवर होता, ताणलेला, दोन्ही टोके तिने सोडली तशी. फाईलला कुणी हात लावला नव्हता. तिला हायसे वाटायला हवे होते. उलट एक शक्यता कमी झाली म्हणून उरलेल्या जड झाल्या.

त्या दिवशीही कुणी आले नाही. अकराला ती नेहमीप्रमाणे आठवड्याचा तासांचा तक्ता घेऊन सयाजीच्या केबिनमध्ये गेली. तक्ता महाविद्यालयाने छापून दिलेला होता. एका पानावर पाच रकाने होते: तारीख, वेळ, क्रमांक, विषय आणि एकूण तास. खाली उजवीकडे जिथे काम चालते तिथल्या अधिकाऱ्याची सही. दर शनिवारी ती घ्यायची, तशी तिने बारा वेळा घेतली होती. या तक्त्यात गेल्या शनिवारनंतरचे होते, म्हणजे सोमवारी जादा घेतलेल्या दोन भेटी आणि गुरुवारची कोरी दुपार.

"या मॅडम," सयाजी म्हणाला. पस्तिशीचा, नीटनेटका माणूस. चार महिन्यांपूर्वी इथे लागला होता. "गुरुवारपासनं कामगार फिरकले नाहीत वाटतं तुमच्याकडं."

"नाही."

"मी तर नागम्माला म्हटलं, जात जा. चांगलं असतं."

"तुम्ही तिला आणखी काय म्हणालात?"

"तिच्या मिस्टरांचं? म्हटलं की, मदत करतो." त्याने पेन उघडले. "माझा भाऊ त्यातनंच बाहेर पडला. मला त्याचं लई वाईट वाटतं बघा."

तो खोटे बोलतो आहे असे वाटले नाही.  पूनम त्याच्या हाताकडे बघत राहिली. पेनचे टोक सहीच्या जागेवर गेले नाही. ते पहिल्या ओळीवर टेकले. मग सयाजीने डाव्या हाताने टेबलाच्या कडेचे लांबट रजिस्टर ओढून उघडले.

"हे काय?"

"गेटचं. कामावरून कोण किती वाजता उठलं, परत कधी बसलं, हितं लिहायला लागतं. सोमवार, दोन वाजून दहा..." त्याचे बोट रजिस्टरवर, पेन तक्त्यावर. "वेळ जुळवून बघावी लागते. न्हाय तर मालक म्हणणार, बायका कुटं फिरतात?"

"हे दर शनिवारी जुळवता?"

"मग? सही करायची म्हणजे बघूनच करायला पायजे की."

पूनमने त्याच्या पेनखालून तक्ता हळूच ओढून घेतला. रजिस्टरमध्ये नाव आणि वेळ होती. तक्त्यात वेळ आणि विषय होता. वेळ दोन्हीकडे एकच. तिने पाने मागे उलटली. दोन आठवड्यांपूर्वीच्या गुरुवारी गेटच्या रजिस्टरमध्ये लिहिलेले होते, नागम्मा, दोन दहा ते तीन. त्याच गुरुवारच्या तक्त्यात, तिला आठवले, पूनमच्याच अक्षरात होते, सव्वादोन ते तीन, क-तीन, पतीचे व्यसन व मारहाण. क्रमांकांनी काहीच झाकले नव्हते. तिने बारा आठवडे अकरा बायकांची नावे या माणसासमोर आणून ठेवली होती आणि वर सही मागितली होती.

"आधीचे तक्ते कुठे आहेत?"

"तुमच्याकडंच की. मी फक्त फोटो काढून ठेवतो. रेकॉर्डला." त्याने मोबाईल दाखवला. "काय झालं?"

"ते पुसून टाका."

"मालकांना पाठवलेत त्यातले दोन." तो आता गोंधळला होता. "मॅडम, मी मदतच केली ना?"

साडेअकराच्या चहाला बायका घड्यांच्या टेबलाशी जमत. पूनम तिथे जाऊन उभी राहिली. जागा झाली नाही, तिनेही मागितली नाही. तिने सरळ सांगितले: गळती तिच्या कागदातून झाली. तो कागद मॅनेजर गेटच्या रजिस्टरशी जुळवत होता. फक्त नागम्माचेच नव्हे, सगळ्यांचेच विषय त्याला दिसले असतील. मालकाकडे दोन कागद गेले आहेत, कोणते ते ठाऊक नाही. तिने नीट बघायला हवे होते, तिने बघितले नाही.

 बसव्वा चहाचा पेला दोन्ही हातांत धरून पूनमच्या चपलांकडे बघत होती. ती अक्कलकोटच्या पलीकडची, मराठी कमी बोलायची. शेजारणीला कन्नडमध्ये काहीतरी म्हणाली. शेजारीण म्हणाली, "चला, घंटा झाली."

बसस्टॉपवर पूनमला मागून हाक आली. सोनाबाई. पन्नाशीची, मूळची करकंबची, टॉवेलच्या घड्या घालणाऱ्यांत सगळ्यात जुनी. तिची पाळी संपली होती.

"पोरी, थांब. लई धावतीस." ती शेजारी येऊन बसली आणि पदराने मान पुसली. "तू सोताहून सांगितलंस, म्हणून सांगते. नागम्माचा नवरा दारू पीत न्हाय."

"म्हणजे?"

"त्यो चहासुदा बशीत वतून फुकून पितो. त्यो काय पिऊन मारतोय कुणाला? पेट्रोल पंपावर हाय. देवमाणूस."

पूनमला कळायला क्षण लागला.

"मागं अशीच एक टीम आली हुती," सोनाबाई म्हणाली. "रक्त तपासतो म्हणून. कुणाला काय आजार, सगळं लिवून नेलं. महिन्यात दोघींना घरी बसवलं, तब्येत बरी न्हाय म्हणून. मग तू आलीस. गोड बोलणारी, शिकलेली. आमी बसून ठरवलं. जायचं, पर आपलं आपण सांगायचं न्हाय. हिचं तिनं सांगायचं, तिचं हिनं. मग बघायचं, कुटं निघतंय. ज्या तोंडावरनं परत आलं, त्या तोंडाचं ते न्हाय, म्हणजे आपलं काय जात न्हाय. पर गळतं कुटं, ते कळतं."

"अकरा जणींनी?"

"अकरा जणींनी. पाठ करून येत हुतो की. नागम्माला तर मुलाचं वय बी ध्यानात राहिना." सोनाबाईच्या चेहऱ्यावर थोडा अभिमान होता. "आता कुणाचं कुणी सांगितलं, ते मात्र इचारू नको. आनी हे तुझ्या कागदावर नको. तुझ्या मॅडमला बी नको."

बस आली. पूनम चढली नाही. सांधे न बसणारी आठ पाने तिच्या डोळ्यांपुढे एकेक करून उलगडत गेली. आपल्यावर इतक्या शिस्तीने नजर ठेवली गेली आणि आपण मात्र विश्वास बसत चालला असे नोंदवत गेलो.

रविवारभर तिने हिशेब केला नाही, फक्त दोन बाजू समोर ठेवल्या. समितीला ही अदलाबदल सांगितली तर दोन्ही आरोप गळून पडत होते. नोंदी बनावट नव्हत्या, बायकांनीच बनवून सांगितल्या होत्या. आणि कुणाचे खरे गुपित तिच्याच नावावर बाहेर गेलेले नव्हते, म्हणजे मोडायला गोपनीयताच नव्हती. बासष्ट तासांचे काय करायचे यावर वाद झाला असता, पण तिचे वर्ष टिकले असते. न सांगितले तर ती एकतर बनाव करणारी किंवा बेफिकीर.

सोमवारी दुपारी तिने सोनाबाईला फोन केला. "मला उद्या ते सांगायची परवानगी द्याल का? नावं घेणार नाही."

"इचारून सांगते."

सात वाजता फोन आला. मागे कुकरची शिट्टी वाजत होती. "न्हाय म्हंत्यात, पोरी. दारू पिणारे नवरे आमच्यात मोजून दोन हायत. नागम्माचं न्हाय म्हटलं की मॅनेजर दुसऱ्या घरी जाणार. जिचं खरं हाय, तिला त्ये चालत न्हाय."

"माझं वर्ष जाईल, सोनाबाई."

"व्हय. सांगितलं मी त्यास्नी. तरी न्हाय म्हंत्यात."

पूनमने फोन दुसऱ्या कानाला धरला.

"तू सांगितलंस तर आमाला कळंलच की," सोनाबाई म्हणाली. तिच्या आवाजात धमकी नव्हती. उद्या पाणी येणार नाही हे शेजारणीला सांगावे, तसे ती बोलली.

मंगळवारी समिती बसली. पूनमने निवेदन वाचून दाखवले: तक्ता, रजिस्टर, सारखी वेळ, मोबाईलवरचे फोटो, मालकाला गेलेले दोन कागद. इंद्रजीत सरांनी तक्ता आडवा-उभा करून बघितला. बाहेरच्या सदस्य टिपणे घेत होत्या.

"हा मुद्दा समजला," सर म्हणाले. "आता नोंदी. वैजयंती मॅडमच्या मते त्या विश्वासार्ह नाहीत. तुम्ही त्या रचल्यात?"

"नाही सर. त्यांनी सांगितलं ते मी लिहिलं."

"मग त्यांनी खोटं सांगितलं?"

वैजयंती मॅडम तिच्याकडे बघत होत्या. त्यांना बहुधा अंदाज आला होता. त्यांनी प्रश्न वेगळ्या शब्दांत, सावकाश विचारला. "पूनम, शनिवारनंतर तुला काही वेगळं कळलं आहे का? तसं असेल तर आत्ता सांग. त्याने बरंच बदलेल."

मॅडम आपल्याला वाट काढून देत आहेत, की आपल्याकडून काढून घेत आहेत, हे पूनमला ठरवता येईना.

"काही कळलं आहे," ती म्हणाली. "ते सांगायची परवानगी मी मागितली होती. मिळाली नाही."

"कोणाची परवानगी?"

"तेही सांगता येणार नाही."

"याचा अर्थ आम्ही काय घ्यायचा?" सरांनी विचारले.

"तुम्हाला योग्य वाटेल तो, सर."

तिला बाहेर बसवले. पाऊण तासाने आत बोलावले. बनाव सिद्ध होत नाही, सर म्हणाले, पण नोंदी ग्राह्यही धरता येत नाहीत. गोपनीयता मोडली आहे. बासष्ट तास रद्द. चौथे वर्ष संपायला अकरा आठवडे आहेत. तेवढ्यात दीडशे पुरे करता आले तर करावेत, अन्यथा बी.ए.

सरांनी कागद मिटला. वैजयंती मॅडम तेव्हा म्हणाल्या, "इतिवृत्तात एक ओळ घाला. तक्त्याचा नमुना मी तयार केला होता. वेळ आणि विषय एका पानावर मीच ठेवले." आवाज नेहमीचाच होता.  कॉरिडॉरमध्ये त्यांनी पूनमच्या हातात नवा नमुना दिला. त्यावर आठवड्याचे एकूण तास आणि सही, एवढेच होते.

त्या रात्री पूनमने घरी फोन केला. आई, मायाक्का, तिने उचलला आणि वडिलांकडे दिला. "तास गेले, आप्पा. पहिल्यापासून मोजायचे," ती म्हणाली.

"कुणी नेलं?"

"माझ्याच चुकीनं गेले."

"मग मोज," मल्हार म्हणाले. मग म्हणाले, "कुणाला सांगत न्हाय मी."

सयाजीने फोटो तिच्यासमोर पुसले. मालकाकडच्या दोन कागदांचे काय झाले, ते त्याने विचारतो म्हणून सांगितले आणि पुन्हा विषय काढला नाही. पूनमने हेही बायकांना सांगितले. आता ती आठवड्यातून चार दिवस येऊ लागली. पहिल्या दिवशी कुणी नाही. दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशी तिने अभ्यासाचे पुस्तक आणले आणि उघडले नाही. खिडकीतून टेबल दिसे. कधी कधी टेबलाकडून कुणीतरी खिडकीकडे बघत असे आणि नजरानजर झाली की मान खाली जाई.

पुढच्या गुरुवारी दोन वाजता सयाजी तणतणत खोलीत आला. हातात रजिस्टर.

"मॅडम, हे काय लावलंय? अकरा जणी एकदम उठल्यात. दोन ते चार. अकरा नावं, एकच वेळ. कोण तुमच्याकडं येणार, कोण न्हाय, मी काय समजायचं?"

पूनम बाहेर आली. खोलीसमोरच्या पॅसेजमध्ये बायका भिंतीला टेकून ओळीने बसल्या होत्या. कुणी घड्या घालायचा गठ्ठा सोबत आणला होता, कुणी शिवायची कड. हात चालू होते. नागम्मा त्यांच्यात होती, सोनाबाई होती, आणखी कोण कोण.

"काम बंद न्हाय, सायब," सोनाबाई गठ्ठ्यावर थाप मारत म्हणाली. "जागा बदलली निस्ती. तिकडं लई उकडतंय."

"डिसेंबरात उकडतंय?"

"आमास्नी उकडतंय."

दोघी-तिघी पदराआड हसल्या. सयाजीने पूनमकडे पाहिले. ती म्हणाली, "तुम्ही एकूण तासांवर सही करायची. ते मी शनिवारी आणीन." तो रजिस्टर काखेत मारून गेला.

मग ओळीतून बसव्वा उठली. ती आत आली, दार तिनेच लावले, कडी घातली. नवा तक्ता टेबलावर होता. तो तिने उचलून दोन्ही बाजूंनी बघितला. तिला मराठी वाचता येत नव्हते, पण रकाने मोजता येत होते.

"तितं काय झालं तुमचं?" तिने विचारले. "कालेजात."

समुपदेशकाने स्वतःचे सांगू नये, असे तिसऱ्या वर्षात शिकवले होते. पूनम म्हणाली, "बासष्ट तास गेले."

"तुमी आमचं सांगितलं न्हाई."

"नाही."

"आमी वाट बगितली. आट दिवस. काय बी परत आलं न्हाई." बसव्वा अजून उभीच होती. "आनी आट दिवस बगनार हुतो. पर सोनाबाई म्हंती, तेवडा टैम न्हाई तुमच्याकडं."

तिने खुर्ची दारापासून लांब, भिंतीच्या बाजूला ओढली आणि तिच्यावर बसली. पूनमने वही उघडली नाही. भिंतीपलीकडे माग चालू होते. बसव्वाने एकदा दाराच्या कडीकडे बघून घेतले, काही शब्द आधी कन्नडमध्ये स्वतःशीच जुळवले आणि मग मराठीत, थांबत थांबत, बोलायला सुरुवात केली.